नांगर आणि खबर



गेल्या फाल्गुनांत, हळद शिजवण्याच्या ऐन हंगामांत, माझा एक जुना विद्यार्थी हिंगोलीस घरीं आला. वसमतेकडे त्याची हळदीची शेती व छोटी पेढी आहे. म्हणाला, "गुरुजी, हल्लीं मोबाइलवर रोज कांहीं तरी लिहिल्यावांचून गिऱ्हाईक थांबत नाहीं. आमची हळद सर्वांत उत्तम, एवढेंच रोज निराळ्या शब्दांत सांगायचें आहे. चार ओळी द्या ना!"

मीं त्याला ओळी दिल्या नाहींत. एक इतिहास सांगितला. तोच आज आपणांपुढें ठेवतों.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां शेतकरी त्याकडे संशयानें पाहत. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, अशी समजूत होती. सन १९१० मध्यें औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानें कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. (हें औंध सातारकडील, आपल्या औंढा नागनाथाशीं त्याचा संबंध नाहीं.) नांगर सुधारला, पण मनांतील भीति नांगरून काढणारें अवजार कारखान्यांत कोठून मिळावें?

तें अवजार म्हणजे शब्द. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचे जाणकार. त्यांनीं सन १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. हेतु मालाच्या प्रसाराचा, यांत शंका नाहीं. परंतु आपल्या मालाची नुसती स्तुति कोण कितीदां वाचणार? म्हणून शेती, उद्योग, स्वावलंबन, समाजसुधारणा असे विषय त्यांत येऊं लागले. वाचक वाढले. पुढें 'खबर' हा शब्द गळून नुसतें 'किर्लोस्कर' हें नांव राहिलें, आणि त्याच घरांतून १९३० मध्यें 'स्त्री' व १९३४ मध्यें 'मनोहर' हीं मासिकें निघालीं. नांगराच्या जाहिरातीपोटीं निघालेल्या पत्रानें मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली!

ही बुद्धि आपल्याकडेच सुचली असें नाहीं. अमेरिकेंत नांगर करणाऱ्या जॉन डीअर कंपनीनें सन १८९५ मध्येंच 'फरो', म्हणजे नांगराचें तास, या नांवाचें शेतकीपत्र काढलें होतें. दोन्हींकडे मर्म एकच: विकणाऱ्यास काय सांगायचें आहे हें मागून, घेणाऱ्यास काय जाणून घ्यावयाचें आहे हें आधीं.

हें ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "पण गुरुजी, रोज नवा मजकूर आणूं कोठून?"

मीं विचारलें, "बेणें कधीं लावतोस? नऊ महिने पिकाला काय काय सोसावें लागतें? हळद शिजली हें कशावरून ओळखतोस? वाळवायला किती ऊन लागतें? गिऱ्हाईक येऊन पहिला प्रश्न कोणता विचारतें?" तो उत्तरें देत गेला आणि मी कागदावर टिपत गेलों. घटकाभरांत महिन्याचा मजकूर झाला. वसमतच्या हळदीस सन २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा अर्थ सोप्या भाषेंत सांगितला तरी एक दिवस भरतो.

मग तो जरा घुटमळला. "शेजारचे लोक लिहितात कीं, आमच्या हळदीनें अमुक रोग हटतो. तसें लिहूं काय? आणि यंदां पावसानें आमच्या एका वावरांत कंदकूज झाली, तें मात्र झाकावें ना?"

मीं म्हटलें, "बाबा, पहिलें लिहूं नकोस, तें तुला ठाऊक नाहीं. दुसरें मात्र अवश्य लिही. तें तूं डोळ्यांनीं पाहिलें आहेस."

त्यानें तसें लिहिलें. त्या दिवशीं एका व्यापाऱ्यानें मागणी रद्द केली, हेंही मला सांगितलें पाहिजे. परंतु कंदकुजीविषयीं विचारणारे शेतकरी त्याच्याकडे येऊं लागले, आणि अजून येतात.

जाहिरात ओरडून सांगते; खबर ऐकून घेऊन सांगते. यंत्र बदललें, कागदाचा कांचेचा पडदा झाला; पण विश्वास मात्र अजून हळदीसारखाच सावकाश पिकतो.