नवीन घरावरचा जीएसटी: चंदगडमध्ये सवलत कुणाला मिळते?

नवीन घर घेतल्यावर भरलेल्या कराचा काही भाग परत मिळतो, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. कॅनडात ते खरं आहे. तिथे ठरावीक किमतीपर्यंतच्या नव्या घरावर ग्राहकाला जीएसटीचा काही हिस्सा परत मिळतो. भारतात तशी सोय नाही. इथे सवलत कराच्या दरातच दिलेली आहे, त्यामुळे व्यवहार करतानाच ती पदरात पाडून घ्यावी लागते.

1 एप्रिल 2019 पासून बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो आणि परवडणाऱ्या घरावर 1 टक्का. चंदगड महानगरात मोडत नाही. त्यामुळे इथे 90 चौरस मीटरपर्यंत (सुमारे 968 चौरस फूट) कार्पेट एरिया आणि 45 लाखांपर्यंत किंमत असलेलं घर परवडणारं ठरतं. मुंबई महानगर प्रदेशात हीच क्षेत्रमर्यादा 60 चौरस मीटर आहे.

45 लाखांची रेघ मात्र फार कडक आहे. 45 लाखांच्या घरावर कर 45 हजार. किंमत 45 लाख 50 हजार झाली, तर पूर्ण रकमेवर 5 टक्के, म्हणजे 2 लाख 27 हजार 500 रुपये. शिवाय या किमतीत पार्किंग, विकास शुल्क, मोक्याच्या जागेचे जादा पैसे हे सगळं धरलं जातं. फ्लॅट 44 लाखांचा आणि पार्किंग 2 लाखांचं, की सवलत गेली.

इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घर घेतलं तर जीएसटी शून्य. अट एकच, पण लोक नेमके तिथेच फसतात: सगळे पैसे दाखल्यानंतरच दिलेले हवेत. जागा अडवून ठेवायला आधी टोकन दिलं, तर तो व्यवहार करपात्र होतो. मोकळ्या जमिनीवर आणि आधी कुणी राहत असलेल्या जुन्या घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हा खर्च वेगळा. तो जीएसटी नसला तरी द्यावाच लागतो.

हे झालं फ्लॅटचं. चंदगड तालुक्यातल्या गावांत मात्र स्वतःच्या जागेत घर बांधण्याचीच रीत जास्त. तिथे कर लागतो तो साहित्यावर. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. करापूर्वी 300 रुपयांचं पोतं आधी 384 ला पडत होतं, ते आता 354 ला पडायला हवं. 400 पोत्यांमागे 12 हजार वाचतात. सळीवर 18 टक्के कायम आहे. बाजार जवळ म्हणून बेळगावहून माल आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पूर्वी दोन राज्यांचे व्हॅट वेगळे होते, आता दर एकच आहे. फरक पडलाच तर दुकानदाराच्या भावात आणि गाडीभाड्यात.

कंत्राट कसं द्यायचं, यावर बरंच अवलंबून आहे. साहित्यासह पूर्ण काम नोंदणीकृत ठेकेदाराला दिलं, तर बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. साहित्य स्वतः घेऊन एकाच स्वतंत्र घरासाठी फक्त मजुरीचं कंत्राट दिलं, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. ठेकेदाराची नोंदणीच नसेल, तर त्याला जीएसटी आकारता येत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहता येतो. एवढी तसदी घ्यावी.

ब्रिटनमध्ये स्वतः घर बांधणाऱ्याला साहित्यावर भरलेला व्हॅट परत मागता येतो. आपल्याकडे सिमेंट-सळीवर भरलेला कर घरमालकाला परत मिळत नाही. बिल्डरलाही नव्या दरांत साहित्यावरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो कर घराच्या किमतीत मिसळलेला असतो. तेव्हा ‘जीएसटी शून्य’ असा फलक दिसला, तरी शेजारच्या तशाच घराची एकूण किंमत विचारूनच भाव करावा.