बर्फावरचा खिळा: घोड्याच्या खुरापासून स्नोमोबाइलच्या पट्ट्यापर्यंत

#थ्रेड

नोव्हेंबर १८१२. मॉस्को सोडून परतणारे नेपोलियनचे सैन्य स्मोलेन्स्कच्या वाटेवर होते. हिम पडले, हजारो पायांखाली तुडवले गेले आणि गोठून त्याचा काचेसारखा बर्फ झाला. घोडे उपासमारीने मरत होतेच; पण ज्यांच्या अंगात अजून बळ होते तेही उतारावर घसरून कोसळत आणि पुन्हा उठत नसत. त्यांच्या पायांत उन्हाळ्यातले सपाट नाल होते. ओढायला घोडे उरले नाहीत, म्हणून तोफा वाटेतच सोडून द्याव्या लागल्या.

या सैन्यात एका माणसाने मात्र आधीच तजवीज केली होती. आर्मांद द कोलँकूर हा सम्राटाच्या अश्वशाळेचा प्रमुख. १८०७ ते १८११ या काळात तो रशियात फ्रान्सचा राजदूत होता आणि तिथला हिवाळा त्याने जवळून पाहिला होता. शाही तबेल्यातल्या घोड्यांना त्याने बर्फात रुतणारे हिवाळी नाल ठोकून घेतले होते. ते घोडे इतरांच्या मानाने कितीतरी अधिक तगले. बाकीच्या सैन्याला ही साधी सोय नव्हती, याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. साम्राज्याच्या पराभवाची कारणे अनेक असली, तरी त्यांत या न ठोकलेल्या खिळ्यांचा वाटा लहान नव्हे.

बर्फासाठीचे हे खिळे ठोकणे मात्र महागाचे काम होते. टणक बर्फावर त्यांची टोके थोड्याच दिवसांत बोथट होत. मग नालबंदाने जुने खिळे उपटायचे आणि नवे ठोकायचे. दर खेपेस खुराच्या कडेला नवे भोक पडे. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो; भोके त्याहून वेगाने वाढली की नाल धरायला जागाच उरत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात आटे पाडलेली टोके आली. नाल तसाच ठेवायचा, झिजलेले टोक पिळून काढायचे आणि दुसरे बसवायचे. खुराला हात लावण्याची गरज नाही. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या युक्तीने हिवाळ्यात चालणाऱ्या घोड्यांचे आयुष्य वाढवले.

घोड्याची जागा यंत्राने घेतली, तेव्हा पहिला प्रश्न बर्फाचा नव्हता, हिमाचा होता. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मांद बोम्बार्डिये हा तरुण मेकॅनिक हिमावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते हिमाखाली गाडले गेले होते, आणि बापाच्या कार्यशाळेत चालण्याजोगी एकही गाडी तयार नव्हती. मूल रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाही.

त्यानंतर बोम्बार्डियेने रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा सिद्ध केला. १९३७ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. भुसभुशीत हिमावर रुंद पट्टा भार पसरवतो, म्हणून गाडी बुडत नाही. या गाड्या डॉक्टरांनी घेतल्या, टपाल खात्याने घेतल्या, शाळेच्या मुलांची ने-आणही त्यांनी केली. १९४८ मध्ये प्रांत सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचे हिम काढण्याचा निर्णय घेतला आणि मोठ्या गाड्यांची विक्री घसरली. मग १९५९ मध्ये आली छोटी ‘स्की-डू’. तिचा एकसंध रबरी पट्टा बोम्बार्डियेचा मुलगा जर्मेन याच्या कामातून घडला होता.

या हलक्या गाड्या तरुणांच्या हाती पडल्यावर शर्यती अटळच होत्या. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हर इथे १९६४ पासून होणारी शर्यत विशेष प्रसिद्ध. तिथली धाव गोठलेल्या बर्फावर असते, आणि बर्फावर रबर हतबल होते. पट्टा जागच्या जागी फिरतो. वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. उपाय जुनाच सापडला: पट्ट्याला भोके पाडून त्यांत खिळे, म्हणजेच ‘स्टड’, बसवायचे.

नव्या खिळ्याचे टोक मात्र टंगस्टन कार्बाइडचे. हा पदार्थ १९२० च्या दशकात जर्मनीत तयार झाला आणि क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ नावाने विकला. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. पिंपरी-चिंचवडच्या लेथवर काम करणारा कारागीर आजही कार्बाइडच्या हत्याराला विडियाच म्हणतो.

खिळ्याचे रुंद डोके पट्ट्याच्या आतल्या बाजूस राहते. बाहेरून धातूची आधारपट्टी लावून नट आवळतात. वेग घेताना आणि थांबताना सारा जोर खिळ्यावर येतो, तो कलू पाहतो, आणि आधारपट्टी त्याला सावरते. पण रबराचे भोक हळूहळू ताणले जातेच. मग एखादा खिळा उपटून गोळीसारखा मागे सुटतो, किंवा वरच्या पत्र्याला आणि तिथल्या शीतकाला फाडतो.

म्हणून पट्टा बदलण्याची वेळ आली की नालबंदाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो: जुने खिळे चालतील का? दांडा सरळ, आटे शाबूत आणि टोक अणकुचीदार असेल तर चालतात. कार्बाइड गोलसर झाले असेल किंवा त्याचा टवका उडाला असेल, तर तो खिळा बर्फात रुतत नाही, नुसता घासतो. नट मात्र नवेच घ्यावेत. एकदा आवळलेल्या नटातली नायलॉनची कडी पूर्वीसारखी पकड देत नाही. नव्या पट्ट्याचे रबरी दात अधिक उंच असतील तर जुना खिळा त्यांतच दडून जातो. तो दातांच्या वर निदान सहा-सात मिलिमीटर तरी दिसायला हवा. फाटलेल्या जुन्या पट्ट्यात नवे खिळे भरणे मात्र शुद्ध वेडेपणा. शिवाय मागे खिळे वाढवले आणि पुढच्या स्कीखालची कार्बाइडची धार तशीच ठेवली, तर हँडल वळते आणि गाडी सरळच जाते.

खुराचे आणि पट्ट्याचे झाले. खिळ्याखालच्या जमिनीचे काय? मोटारींच्या खिळेदार टायरांनी रस्ते इतके कोरले, की कॅनडातल्या ऑन्टारिओने आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच त्यांवर बंदी घातली. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये. जपानमधल्या सेंडाई शहरात खरवडलेल्या डांबराची धूळ नागरिकांच्या श्वासात जाऊ लागली, आणि १९९० मध्ये तिथे कायदाच झाला. स्नोमोबाइलही सुटली नाही. मिनेसोटात डांबरी सार्वजनिक वाटांवर खिळेदार पट्ट्याची गाडी नेण्यास मनाई आहे. शेजारच्या गोठलेल्या तळ्यावर मात्र तोच पट्टा खुशाल चालतो.