राधेचा मुलगा: दत्तकाचा इतिहास आणि लेकराचा प्रश्न

कर्णाला अनेक नावे आहेत. पण मराठी वाचकाच्या मनात ‘राधेय’ हे नाव विशेष रुजले, ते रणजित देसाई यांच्या कादंबरीमुळे. या नावातच एक निवाडा आहे. जन्म देणारी कुंती. नाव मात्र चालते ते वाढवणाऱ्या राधेचे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे कुळ सांगून पांडवांकडे येण्याचे आमंत्रण देतो. तेव्हा कर्ण राज्याचा हिशेब मांडत नाही. राधेला मायेने पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने जातकर्म केले, तेव्हा त्यांच्या पिंडाचा लोप आपण कसा करावा, असे तो विचारतो. दत्तक नात्याची इतकी स्पष्ट बाजू घेणारे प्रकरण प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात हा प्रसंग शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, हे त्याला घरात कुणी नीट बसवून का सांगितलं नाही?’’ वर्ग संपल्यावर ती थांबली. आपण दत्तक आहोत हे तिला एका लग्नघरात, नातेवाइकांच्या बोलण्यातून कळले होते. पुढे तिचे आईवडीलही भेटले. मुलगी महिनोन्‌महिने घरात बोलत नव्हती. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘‘हिला कुणाला दाखवायचं?’’ आम्हाला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे; आणि ते शोधताना इतिहासाकडे वळणे अपरिहार्य ठरले.

धर्मशास्त्राने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. औरस, क्षेत्रज, दत्त, कृत्रिम, कानीन, क्रीत ही त्यांतली काही नावे. ही वर्गवारी वाचताना लक्षात येते की तिच्या केंद्रस्थानी मूल नाही, पिता आहे. पिंड कोण देणार, वंश कोण चालवणार, वाटा कुणाला, एवढेच तिचे विषय. नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ आणि महाराष्ट्रात विशेष प्रमाण मानला गेलेला नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हे ग्रंथ याच चौकटीत बोलतात. दत्तक द्यायचा तो आईबापांनी; म्हणून ज्याला आईबापच नाहीत असे अनाथ मूल परंपरागत हिंदू कायद्यानुसार दत्तक जाऊ शकत नसे. मुलगी तर या व्यवस्थेत जवळजवळ नव्हतीच. ज्याला घराची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद, अशी ही रचना होती.

एकोणिसाव्या शतकात दत्तक हा राजकारणाचा विषय झाला. सातारच्या शहाजीराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने १८४८ मध्ये राज्य खालसा केले. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये घेतलेल्या दत्तकाचेही तेच झाले. त्या मुलाचे मूळ नाव आनंदराव. दत्तकविधानानंतर तो दामोदरराव झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. या दोघांनी पुढे इतिहास घडवला, हे खरेच. परंतु एका दिवसात मुलाचे नाव, आई आणि अंगण बदलते, याचे त्या मुलाच्या मनात काय होते, हा प्रश्न त्या काळाच्या कागदपत्रांत क्वचितच उमटतो. चर्चा आहे ती विधी शास्त्रोक्त झाला की नाही याची. आपली भाषाही त्याचीच साक्ष देते: मूल ‘मांडीवर दिले’ जाते, ‘दत्तक जाते’, ‘गादीवर बसवले’ जाते.

याच काळात पुण्यात एक निराळी सुरुवात झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई या विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा यशवंत. त्याला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाच्या कार्यकर्त्यांनी तशाच स्वरूपाचे गृह सुरू केले. येथे मूल वंशासाठी आणले जात नव्हते. त्याचा जीव वाचवला जात होता. दत्तकाच्या कल्पनेतला हा मूलभूत पालट होय.

तथापि मूल वाचवले म्हणजे समाजाने ते स्वीकारले असे नव्हे. यशवंत विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी मिळणे कठीण होते. अखेर १८८९ मध्ये ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात यशवंतला वारस नेमले होते. असे असूनही १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या अधिकारावर आक्षेप घेतला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे चरित्रकार सांगतात. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. या घराने यशवंतचा जन्म लपवला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. आज ज्याला आपण कुटुंबाचा मानसिक आधार म्हणतो, त्याचा पहिला धडा हाच आहे.

कायदा हळूहळू मुलाकडे वळला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या, मातापिता अज्ञात असलेल्या मुलालाही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागले. २००० चा बाल न्याय अधिनियम आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांमुळे धर्माची अट न राहता कोणालाही दत्तक घेणे शक्य झाले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या कायद्याच्या २०२१ मधील दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला. २०२२ च्या विनियमांनुसार मूल घरी आल्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा व्हावा आणि घडी बसत नसेल तर समुपदेशनाची सोय व्हावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो; त्याहून लहान मुलाला पालकांसह.

येथेच खरी अडचण आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बालपणी माया तुटण्याचे परिणाम मांडले. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क यांनी १९६४ मध्ये दाखवले, की दत्तक कुटुंबातील वेगळेपण नाकारणाऱ्यांपेक्षा ते मोकळेपणी मान्य करणाऱ्या पालकांचा मुलांशी संवाद अधिक चांगला राहतो. पुढे डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांच्या अभ्यासातून दिसले, की ‘मला निवडले’ या वाक्याच्या मागे ‘मला आधी कुणीतरी सोडले’ हे दुसरे वाक्य आहे, हे मुलाला साधारण सहा-सात वर्षांनंतर उमगू लागते. म्हणजे तान्हेपणी घरी आलेल्या मुलाचा खरा प्रश्न ज्या वयात जन्माला येतो, त्याच्या कितीतरी आधी शासकीय पाठपुरावा संपलेला असतो.

बीडसारख्या जिल्ह्यात ही दरी अधिक रुंद होते. २०११ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. मुलीच्या जन्माची किंमत काय, हे त्या आकड्यात दिसते. आणि अशा भूमीत दत्तक मुलीच्या मनात ‘मी नकोशी होते का’ हा प्रश्न अधिकच खोल जातो. शिवाय आपल्याकडे नात्यातले दत्तक अजूनही रूढ आहे. दिराचे, बहिणीचे लेकरू मांडीवर घेतले जाते. गावाला सारे ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त लेकराला. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर घर सोडणाऱ्या कुटुंबाकडे नियमित भेटीचे वेळापत्रक चालतही नाही.

मग जावे कोठे? संस्थेमार्फत मूल आले असल्यास पहिला हक्क त्या संस्थेवर आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षावर. दोन वर्षे उलटून गेली तरी तेथे जाऊन विचारण्यात संकोच नसावा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येते. मात्र समुपदेशकाला पहिल्याच भेटीत मूल दत्तक असल्याचे सांगावे; एरवी उपचार वागणुकीवर होतात, मूळ दुखणे तसेच राहते. आणि ‘मुलाला दुरुस्त करून द्या’ असे म्हणून त्याला एकट्याला आत पाठवू नये. अशा उपचारात आईवडिलांनाही बसावे लागते, कारण बोलण्याची सवय त्यांनाच आधी करायची असते. पुष्कळ समुपदेशक मुलासोबत त्याच्या आयुष्याची वही तयार करतात: घरी आल्याचा दिवस, पहिले छायाचित्र, ठाऊक असलेले आणि नसलेलेही.

शिक्षक म्हणून आपलीही काही जबाबदारी आहे. वंशवृक्ष काढायला लावताना, ‘माझी आई’ हा निबंध देताना, कर्ण शिकवताना समोर कोण बसले आहे याचे भान असावे. कर्णाच्या शोकांतिकेचे खापर आपण कुंतीवर किंवा नियतीवर फोडतो आणि प्रश्नपत्रिकेतही तेच विचारतो. आता आम्ही राधेविषयीही विचारतो. ती विद्यार्थिनी आणि तिचे आईवडील पुढे तिघे मिळून अंबाजोगाईला जात राहिले. शेवटच्या वर्षी तिने परीक्षेत त्याच प्रसंगावर उत्तर लिहिले. त्यात कुंतीचा उल्लेख एकदाच होता.