एकेरी मार्गाचा गोळा
सन १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग धर्माबादेवरून गेला. मार्ग एकेरी. अशा मार्गांवर गाड्यांची टक्कर टळावी म्हणून चालकाच्या हाती यंत्रातील गोळा देत. पुढील स्थानकावर तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे.

संगणकाच्या गाभ्यातही हाच धोका आहे. दोन कामे एकाच क्षणी एकाच फाइलीत लिहू लागली, तर आपले हिशेब, पत्रे बिघडतात. एक काम वाचीत असता दुसऱ्याने ती स्मृती मोकळी केली, तर धावत्या गाडीखालचे रूळच उखडले म्हणावयाचे! एका वेळी एकालाच प्रवेश देणाऱ्या पहाऱ्याला डच पंडित डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या निबंधात रेल्वेच्या हातवाल्या खांबाचेच नाव दिले : सेमाफोर.

गोळा बाहेर असेतो रुळाला हात लावू नये; आणि काम सरताच गोळा परत करावा, नाहीतर सारी वाहतूक खोळंबते.