दोन भावांचा धुरा

यवतमाळ शहरातल्या एखाद्या मतदाराने २००४ साली लोकसभेला कमळासमोरचं बटण दाबलं असेल, तर ते त्याचं लोकसभेचं शेवटचं कमळ. त्यानंतर २००९, २०१४, २०१९, २०२४ अशा चार निवडणुका झाल्या. त्यातल्या दोन तर मोदी लाटेच्या. पण यवतमाळच्या यंत्रावर भाजपचं चिन्हच नव्हतं, होता तो धनुष्यबाण. आता गंमत बघा. याच जिल्ह्यातल्या वणीच्या मतदाराला याच चार निवडणुकांत लोकसभेला धनुष्यबाण दिसला नाही, त्याच्यासमोर कायम कमळ. जिल्हा एक, युती एक, आणि चिन्ह कुठलं हे तुमचं घर कुठल्या तालुक्यात आहे त्यावर!

वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि भावाभावांतली निम्मी भांडणं धुऱ्यावरून होतात. शिवसेना-भाजप युतीत 'मोठा भाऊ कोण' हा वाद पंचवीस-तीस वर्षं चालला, त्यावर मुंबईच्या पेपरांत रकानेच्या रकाने आले. पण मोठा भाऊ कोण हे एकदा ठरलं तरी धुरा कुठून जातो हा प्रश्न उरतोच, आणि तो मुंबईत नाही, यवतमाळसारख्या जिल्ह्यात दिसतो. म्हणून ही जिल्ह्याची गोष्ट.

सुरुवात जरा मागून करतो. शिवसेना स्थापन झाली १९६६ साली. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे पुसदचे. मुंबईतल्या कम्युनिस्टांना शह म्हणून नाईक सेनेकडे काणाडोळा करतात असं विरोधक म्हणायचे आणि सेनेला चिडवायचे 'वसंतसेना' म्हणून. म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा आणि सेनेचा पहिला संबंध हा असा, काँग्रेसच्या दारातून आलेला. बाकी जिल्हा पक्का काँग्रेसचा. पुढे सुधाकरराव नाईकांच्या रूपाने पुसदने दुसरा मुख्यमंत्री दिला (१९९१ ते १९९३).

पण काँग्रेसच्या उजवीकडचं राजकारण इथे नवीन होतं असंही नाही. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. १९२६ मध्ये जयकर, केळकर, मुंजे यांच्याबरोबर प्रतिसहकारवाद्यांमध्ये ते होते. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मदनमोहन मालवीय आणि अणे यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. अण्यांचा दुसरा ध्यास म्हणजे वेगळा विदर्भ. तो विषय पुढे युतीच्या गळ्यात अडकणार होता, त्याकडे येतोच.

युतीची जुळवाजुळव मुंबईत झाली. १९८४ ला सेनेचे उमेदवार लोकसभेला कमळावर लढले होते, नंतर फाटलं. १९८९ मध्ये प्रमोद महाजन आणि बाळासाहेब ठाकरे यांच्यात ठरलं आणि युती झाली. ढोबळ सूत्र असं की लोकसभेत भाजपने थोड्या जास्त जागा घ्यायच्या, विधानसभेत सेनेने. १९९० ला सेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार आले. १९९५ ला १७१-११७ असं वाटप होऊन ७३ आणि ६५ आले आणि सरकार बनलं.

या वाटपाचा अलिखित नियम साधा होता: ज्याची जागा त्याची. जिथे ज्याचा आमदार किंवा जो आधी लढला, तिथे पुढच्या वेळीही तोच. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर १९९० साली कुणीतरी एक व्हॅल्यू हार्डकोड करून ठेवली, आणि पुढे पंचवीस वर्षं तिला हात लावायला सगळे घाबरले. याचा अर्थ गावपातळीवर काय होतो? तुम्ही भाजपचे कार्यकर्ते आहात आणि तुमचा मतदारसंघ सेनेकडे आहे, तर तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंती रंगवायच्या. तिकीट कधीच मिळणार नाही, कारण तिकीटच नाही. सेनेवाल्याचंही दुसऱ्या तालुक्यात तेच.

तरीही हे चाललं, कारण समोर काँग्रेस दांडगी होती. यवतमाळ लोकसभा म्हणजे काँग्रेसच्या उत्तमराव पाटलांचा गड. तिथे १९९६ ला भाजपचे राजाभाऊ ठाकरे निवडून आले आणि २००४ ला हरिसिंग राठोड. शेजारच्या वाशीमला सेनेचे पुंडलिकराव गवळी १९९६ ला आणि त्यांच्या कन्या भावना गवळी १९९९ व २००४ ला. दोन भाऊ, दोन शेतं, मधला धुरा स्पष्ट.

मग आली २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना. यवतमाळ आणि वाशीम हे दोन्ही मतदारसंघ गेले आणि यवतमाळ-वाशीम असा एकच झाला. वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले गेले, उमरखेड हिंगोलीला. सात विधानसभांचा जिल्हा तीन खासदारांत वाटला गेला. युतीसमोरचा पेच सरळ होता. खासदार दोन, खुर्ची एक. ती सेनेला मिळाली, भावना गवळींना. हरिसिंग राठोड काय करणार? ते २००९ ला काँग्रेसच्या तिकिटावर गवळींच्या समोर उभे राहिले आणि हरले. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी कमळावर यवतमाळ जिंकलं, त्यांना हरवण्यासाठी भाजपच्या कार्यकर्त्यांनी धनुष्यबाणाचा प्रचार केला.

त्याच वर्षीच्या विधानसभेत युतीला जिल्ह्यात सातपैकी किती मिळाल्या? एक. दिग्रसमधून सेनेचे संजय राठोड. पुसद राष्ट्रवादीच्या मनोहर नाईकांकडे, आणि वणी, राळेगाव, यवतमाळ, आर्णी, उमरखेड या पाचही जागा काँग्रेसकडे.

आता २०१४. मार्चमध्ये मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला आले. शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा', कापसाच्या भावाची आशा, सगळ्या देशाने ते पाहिलं. मे महिन्यात युतीला राज्यात ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या, स्वाभिमानीची धरून ४२. आणि सप्टेंबरमध्ये युती तुटली! सेना १५१ वर अडून बसली, भाजपला ते मान्य नव्हतं. २५ सप्टेंबरला तुटल्याचं जाहीर झालं आणि अर्ज भरायची मुदत होती २७ ला. त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीचंही मोडलं.

जिल्ह्यात निकाल काय लागला? दिग्रस संजय राठोडांकडेच, पुसद मनोहर नाईकांकडेच. आणि काँग्रेसच्या त्या पाचच्या पाच जागा भाजपकडे! एकत्र लढून सातपैकी एक, वेगळं लढून सहा.

यावरून 'बघा, युती म्हणजे लोढणंच होतं' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि तो बरोबर नाही. लढती चौरंगी होत्या, त्यामुळे जिंकायला लागणारी मतं कमी होती. यवतमाळला भाजपचे मदन येरावार जिंकले ते जेमतेम सव्वा हजारांच्या फरकाने, आणि दुसऱ्या नंबरवर कोण? सेनेचे संतोष ढवळे. वणीत भाजपचे संजीवरेड्डी बोदकुरवार आले आणि दुसरे सेनेचे विश्वास नांदेकर, जे २००४ ला तिथले आमदार होते. पुढे २०१९ ला पुन्हा युती झाली तेव्हाही सातपैकी सहाच आल्या. म्हणजे युती असणं-नसणं एवढ्याने हार-जीत ठरली नाही. काँग्रेसचा पाया खचला होता, तो युती असतानाही खचलेलाच राहिला.

मग २०१४ ने बदललं काय? धुरा. काही आठवड्यांसाठी दोघे भाऊ वेगळे झाले आणि शेताची नवी मोजणी झाली. 'ज्याची जागा त्याची' हा नियम तोच राहिला, पण आता जागाच बदलल्या होत्या. १८ फेब्रुवारी २०१९ ला युती पुन्हा जाहीर झाली (त्याच्या दोनच दिवस आधी मोदींची पांढरकवड्याला सभा झाली होती). विधानसभेला जिल्ह्यातल्या सातपैकी सहा जागा भाजपने लढवल्या, सेनेच्या वाट्याला फक्त दिग्रस. वणीसारखी जागा, जिथे पंधरा वर्षांपूर्वी सेनेचा आमदार होता, ती गेली. कुणी खुर्चीवरून उठवलं नाही, फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदललं.

लोकसभेत मात्र जुनाच धुरा राहिला, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. यवतमाळ-वाशीम सेनेकडे राहिलं म्हणून भाजपचे पी. बी. आडे बंड करून उभे राहिले. भावना गवळी तरीही लाखाच्या वर मतांनी जिंकल्या. चंद्रपूर भाजपकडे राहिलं म्हणून वरोऱ्याचे सेनेचे आमदार बाळू धानोरकर काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांनी केंद्रीय मंत्री हंसराज अहीर यांना पाडलं. २०१९ ला राज्यात काँग्रेसचा एकच खासदार निवडून आला, आणि तो मूळ शिवसैनिक! युतीत जागा नसलेला माणूस कुठेतरी जातोच.

आता विदर्भाचं. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. सेना संयुक्त महाराष्ट्रवाली. दोघांनी मिळून काय केलं, तर विषय माळ्यावर टाकला. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांच्या वक्तव्यांवरून राजीनामा द्यावा लागला. त्यांच्याविरुद्ध सरकारमधली सेना उभी राहिली होती, आणि त्यांना त्या पदावर नेमलं होतं ते भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी. श्रीहरी अणे म्हणजे बापूजी अण्यांचे नातू. तुम्ही विदर्भवादी असा की अखंड महाराष्ट्रवादी, एवढं मान्य कराल की युतीच्या काळात या प्रश्नावर मत देण्याची सोयच उरली नव्हती. एकाच मतात दोन्ही उलटी मतं बांधून मिळत होती.

आणि खरी किंमत इथे आहे, असं मला वाटतं. कार्यकर्त्याचं तिकीट हा त्याचा प्रश्न. मतदाराचा प्रश्न हा की जाब कुणाला विचारायचा. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. तेव्हा राज्याच्या सरकारात जिल्ह्याचे दोन राज्यमंत्री होते, भाजपचे येरावार आणि सेनेचे राठोड. पालकमंत्रिपद आधी राठोडांकडे होतं, मग येरावारांकडे गेलं. सेना तर सत्तेत राहून रोज विरोधी पक्षासारखी बोलत होती. कापसाचा भाव दिल्लीचा, कृषी विभाग मुंबईचा, आणि धुऱ्याच्या या बाजूला रागवावं तर त्या बाजूचा म्हणणार, 'आम्ही कुठे, ते करताहेत ना!' यवतमाळच्या शेतकऱ्याला दाभडीच्या आशेचा हिशेब मतपेटीत मागायचा असता तर त्याला लोकसभेला कमळ नाकारताच आलं नसतं, कारण ते यंत्रावर नव्हतंच.

२०१९ नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. युती पुन्हा तुटली, २०२२ मध्ये सेनाच फुटली. गवळी आणि राठोड शिंद्यांबरोबर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोदींची यवतमाळजवळ भारीला सभा झाली. लोकसभेला मात्र सलग पाच वेळा निवडून आलेल्या गवळींना तिकीट नाकारून हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उभं केलं, आणि हिंगोलीत हेमंत पाटलांची जाहीर झालेली उमेदवारी मागे घेऊन बाबुराव कदम यांना. यामागे भाजपचा दबाव होता असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. काहीही असो, निकाल बघा. यवतमाळ-वाशीमला ठाकरे गटाचे संजय देशमुख, हिंगोलीला ठाकरे गटाचेच नागेश पाटील आष्टीकर, चंद्रपूरला काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर. जिल्ह्याच्या तिन्ही खासदारक्या गेल्या.

आणि साडेपाच महिन्यांनी विधानसभेला त्याच जिल्ह्याने महायुतीला सातपैकी पाच दिल्या. वणी ठाकरे गटाकडे, यवतमाळ काँग्रेसकडे, बाकी महायुतीकडे. त्यात पुसद सुद्धा, कारण इंद्रनील नाईक आता अजित पवारांच्या राष्ट्रवादीत. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्याला तीन मंत्री मिळाले: भाजपचे अशोक उईके, सेनेचे संजय राठोड, राष्ट्रवादीचे इंद्रनील नाईक. प्रत्येक भावाचा एक. 'वसंतसेना' म्हणून चिडवणाऱ्यांना साठ वर्षांनी हे दृश्य दाखवायला हवं होतं, नाईकांच्या घरातला माणूस आणि शिवसेना एकाच मंत्रिमंडळात!

थोडक्यात काय, तर युती म्हणजे फक्त मतांची बेरीज असं आपण समजतो, पण ती आधी जमिनीची वाटणी असते. कुणी कुठे वाढायचं नाही याचा तो करार असतो, आणि म्हणूनच तो दर पिढीत एकदा मोडतो. भाऊ वेगळे होतात, मोजणी होते, नवा धुरा पडतो. मात्र २०२४ च्या त्या साडेपाच महिन्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. वाटणीच्या बैठकीत नकाशा समोर ठेवून 'हे तुमचं, हे आमचं' करणाऱ्या दोघांच्याही नावावर ते शेत नसतं.