घट्टाच्या पाटावरची वीज

नेपाळमधल्या विजेचा इतिहास सांगणारा कुणीही फर्पिंगपासून सुरुवात करतो. काठमांडूच्या दक्षिणेला, राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्या कारकिर्दीत, १९११ साली हे ५०० किलोवॅटचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्याच्या चौदा वर्षं आधी, १८९७ मध्ये, दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १३० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं होतं. आशिया खंडातल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांत या दोन्हींची गणना होते आणि ती रास्तच आहे. पण फर्पिंगची वीज गेली ती मुख्यतः राजधानीतल्या महालांकडे. पुढची पन्नास वर्षं डोंगरातल्या गावांत ती वीज पोचली नाही, आणि नंतर तर फर्पिंगचं पाणीच काठमांडूच्या पिण्यासाठी वळवलं गेलं. असं असूनही १९८० नंतर रस्त्यापासून दोनदोन दिवसांच्या चालीवर असलेल्या वस्त्यांमध्ये, पाच-दहा किलोवॅटच्या यंत्रांवर, कधी एखाद्याच घरापुरत्या जनित्रावर, दिवे लागू लागले. या दिव्यांचं मूळ फर्पिंगमध्ये शोधणं चूक आहे असं मला वाटतं. ते मूळ आहे पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या जात्यात, नेपाळी लोक ज्याला घट्ट म्हणतात आणि कुमाऊँ-गढवालकडे ज्याला घराट म्हणतात त्या यंत्रात, आणि त्याहीपेक्षा ते चालवणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामात.

घट्ट नीट पाहिला तर हे म्हणणं पटायला सोपं जातं. ओढ्यावर दगड, माती आणि झाडाच्या फांद्या यांचा कच्चा बांध घालून पाणी पाटात घेतात. डोंगराच्या कडेनं जाणारा हा पाट शेवटी एका कोरलेल्या लाकडी पन्हळीत उतरतो आणि पन्हळीतून सुटलेली धार आडव्या लाकडी चाकाच्या तिरक्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा खालच्या स्थिर दगडाच्या भोकातून वर येऊन वरचा दगड फिरवतो. मध्ये दातेरी चाकं नाहीत, पट्टे नाहीत. वर दाण्यांची टोपली टांगलेली असते आणि तिला बांधलेली एक काडी फिरत्या दगडाला घासत राहते. दगड जोरात फिरला की काडी जास्त हादरते, दाणे जास्त पडतात, दळण्याचं ओझं वाढतं आणि दगड आपोआप सावकाश होतो. पाणी कमी झालं की दाणेही कमी पडतात. वेग आणि ओझं यांचा मेळ एका काडीनं घालणारं हे यंत्र जेमतेम अर्धा ते एक किलोवॅट ताकद देतं. पण नेपाळात अशी सुमारे पंचवीस हजार जाती असावीत असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे तितक्या ठिकाणी कुणीतरी पिढ्यानपिढ्या पावसाळ्यात वाहून गेलेला बांध पुन्हा घालत होतं, पाटातला गाळ उपसत होतं, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवत होतं, आणि पाटावर भातशेतीचा हक्क आधी की जात्याचा, याचा निवाडा शेजाऱ्यांशी बोलून करत होतं. छोट्या जलविजेला लागणाऱ्या कामांपैकी बहुतेक कामं हीच आहेत. जनित्राची भर त्यावर नंतर पडली.

ती भर कशी पडली याचा क्रम महत्त्वाचा आहे. १९६० साली काठमांडूत स्विस मदतीनं बालाजू यंत्रशाळा निघाली. १९६३ मध्ये ओड होफ्तुन या नॉर्वेजियन अभियंत्यानं बुटवलला तंत्रशिक्षण संस्था सुरू केली. या कारखान्यांनी डोंगरासाठी बनवलेली पहिली टर्बाइनं दिवे लावायला विकली गेली नाहीत. ती विकली गेली ती दळायला, भात कांडायला आणि मोहरीचं तेल गाळायला. तोवर डिझेलच्या गिरण्या डोंगर चढू लागल्या होत्या, पण डिझेलचे डबे माणसाच्या पाठीवरून न्यावे लागत. आपल्या पाटावर पाणी फुकट वाहतंय हे गिरणीवाल्याला दिसत होतं. क्रॉसफ्लो जातीचं टर्बाइन त्याच्या उपयोगी पडलं, कारण पोलादी नळी उभी चिरून निघालेल्या पट्ट्यांची पाती आणि दोन चकत्या एवढ्यावर ते साध्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होतं. ओतकामाची भट्टी लागत नाही. गिरणीमालकांनी कृषी विकास बँकेचं कर्ज काढून ही यंत्रं घेतली, आणि पीठ-तेलाच्या दळणावळीतून ते फेडता येत असे. १९८० च्या दशकात सरकारनं १०० किलोवॅटपर्यंतच्या केंद्रांना परवान्याची अट काढून टाकली आणि फक्त विजेच्या साहित्यावर मोठं अनुदान ठेवलं. तेव्हा याच गिरण्यांच्या दांड्याला पट्ट्यानं छोटं जनित्र जोडण्यात आलं. दिवसा कांडप आणि घाणा, संध्याकाळी चार तास दिवे. वीज ही गिरणीची जोडकमाई होती.

इथे कुणी म्हणेल, घरात पाण्यावर वीज आणणारे पहिले लोक गिरणीवाले नव्हते. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमध्ये क्रॅगसाइड या आपल्या घरात विल्यम आर्मस्ट्राँगनं १८७८ साली ओढ्याच्या पाण्यावर विजेचा दिवा लावला, १८८० मध्ये जोसेफ स्वाननं केलेले दिवे बसवले. तो तर तोफा आणि जलयंत्रं बनवणारा बडा कारखानदार. आक्षेप यंत्राच्या जन्माबद्दल खरा आहे. पण घर चालवताना आर्मस्ट्राँगला काय करावं लागलं तेही पाहावं. त्याच्या घरात पंचेचाळीस दिवे होते आणि खोल्याखोल्यांतून प्रवाह फिरवून तो एका वेळी सदतीसच पेटवत असे. ग्रंथालयातले चार दिवे तांब्याच्या मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवले होते. त्यांच्या बैठका पाऱ्यात टेकलेल्या, आणि फुलदाणी उचलली की दिवा विझे. म्हणजे किती दिवे केव्हा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. १८८२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅपलटन इथे फॉक्स नदीवर वीज सुरू झाली तेव्हा ते जनित्र एका कागद गिरणीच्या पाणचाकालाच जोडलेलं होतं. लगदा कुटणाऱ्या यंत्रांचं ओझं कमीजास्त झालं की चाकाचा वेग बदले आणि दिवे जळून जात. शेवटी जनित्राला वेगळं चाक द्यावं लागलं. दिव्याला घट्टाच्या काडीसारखी स्वतःहून सांभाळून घेणारी सोय नसते. दहा घरांनी एकदम दिवे मालवले तर टर्बाइन मोकळं होऊन जवळजवळ दुप्पट वेगानं पळतं, व्होल्टेज चढतं आणि उरलेल्या घरांतले दिवे फुटतात.

मोठ्या केंद्रांत यावर उपाय म्हणून पाण्याची झडप कमीजास्त करणारा गव्हर्नर असतो, पण छोट्या यंत्राला तो यंत्रापेक्षा महाग पडतो. सुरुवातीच्या गिरण्यांत हे काम चालक हातानं करी: संध्याकाळभर दिव्याकडे आणि मीटरच्या काट्याकडे पाहत झडपेच्या चाकाशी बसायचं. नंतर इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर आला. त्याची युक्ती उलटी आहे. पाणी तेवढंच ठेवायचं आणि घरांनी न घेतलेली वीज पाण्यात बुडवलेल्या तापक-कांड्यांत घालवायची, म्हणजे टर्बाइनवरचं एकूण ओझं बदलतच नाही. तत्त्व पाहिलं तर दाण्यांच्या काडीनं जे साधलं होतं तेच इथे पुन्हा साधलं आहे, यंत्राला कधीही रिकामं फिरू न देणं.

एका घरापुरतं किंवा पाच-दहा घरांपुरतं यंत्र म्हणजे पेल्ट्रिक संच, आणि तो काठमांडूच्याच धातुकाम कारखान्यांत घडला. उभ्या दांड्याची, कडेला वाट्या असलेली छोटी पेल्टन चकती थेट जनित्राच्या टोकाला बसवलेली. जनित्र म्हणजे प्रत्यक्षात कपॅसिटर जोडून उलटी वापरलेली साधी इंडक्शन मोटर. कार्बन ब्रश नाहीत. ओझं फार झालं तर व्होल्टेज कोसळतं, पण गुंडाळी जळत नाही. हिशोब सोपा आहे: ५० मीटर उंचीवरून सेकंदाला ५ लिटर पाणी आलं तर सैद्धांतिक ताकद सुमारे २४५० वॅट, आणि घर्षण, पाइप, जनित्र यांचे तोटे वजा जाता निम्मी हाती लागते. बाराशे वॅटमध्ये त्या काळच्या मंद दिव्यांची एक वाडी उजळे. मात्र ते बाराशे वॅट टिकवायला माणूस लागतो. पाटाच्या तोंडाशी जाळीवर पाला बसला की तासाभरात पाणी निम्मं होतं. पावसाळ्यात जाळी दिवसातून कितीदा तरी खरवडावी लागते. गाळटाकीचा तळ वेळेवर मोकळा केला नाही तर बारीक वाळू नोझलमधून जाऊन चकतीच्या वाट्यांची धार खाते. एखादा खडा नोझलमध्ये अडकला की आधी पाइपचं पाणी बंद करावं लागतं, तेही झडप हळूहळू फिरवत, कारण झटकन बंद केली तर उताराच्या पाइपातलं धावतं पाणी थडकून तो फुटतो. बेअरिंगला ग्रीस, पट्टा असेल तर त्याचा ताण, कपॅसिटरची तपासणी ही कामं पुढची. आणि संच भरल्या ओझ्याखाली बंद पडला तर मोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व जातं. मग बॅटरीचा क्षणभर झटका दिल्याशिवाय तो वीज धरत नाही. यातली कपॅसिटरची आणि चुंबकत्वाची कामं सोडली तर बाकी सगळं गिरणीवाल्याच्या हाताला ओळखीचं होतं.

वीजबिलाची पद्धतही गिरणीच्या व्यवहाराला धरून घडली. शहरातला मीटर युनिटं मोजतो, कारण तिथे प्रत्येक युनिटमागे कोळसा किंवा धरणातलं साठलेलं पाणी खर्च होतं. ओढ्याच्या पाटावर दिवा मालवल्यानं काहीच वाचत नाही. पाणी वाहून जातं ते जातंच. टंचाई असते ती फक्त संध्याकाळी सात ते नऊ या वेळेतल्या वॅटची. म्हणून बहुतेक गावांत घरटी वॅट ठरवून महिन्याची एकच रक्कम घेतली जाई, आणि ठरल्यापेक्षा जास्त ओढू नये म्हणून घराच्या तोंडाशी कटआउट बसवला जाई. जात्यावर पीठ दळून घेणाऱ्याचा धान्यातला वाटा ठरलेला असे, तसाच हा वाटा. रात्री उशिरा आणि दिवसा वाया जाणारी वीज वापरण्यासाठी कमी वॅटवर तासन्‌तास पाणी किंवा भात शिजवणारी 'बिजुली डेक्ची' काढली गेली आणि अन्नपूर्णा भागातल्या घान्द्रुकसारख्या गावांत ती वापरलीही गेली. लाकूड वाचवणं हा तिचा हेतू होता. पण ज्या केंद्राला दिवसाचं काम मिळालं तेच कर्ज फेडू शकलं, हा अनुभव तिच्यामागे होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्विस पैसा, नॉर्वेचा अभियंता, बँकेचं कर्ज, सरकारी अनुदान नसतं तर घट्ट घट्टच राहिला असता, असं म्हणता येईल. पैशाबद्दल आणि शिक्षणाबद्दल हे मान्यच करावं लागतं. गढवाल-हिमाचलात घराटांची कमतरता कधीच नव्हती, पण तिथे बुटवलसारखे कारखाने वेळेवर निघाले नाहीत आणि विजेची चळवळ तितकी फोफावली नाही. म्हणून फक्त जातं पुरेसं होतं असं मी म्हणत नाही. मात्र अनुदान सर्वत्र मिळत असूनही परिणाम सारखे झाले नाहीत. केवळ संध्याकाळच्या दिव्यांसाठी बांधलेल्या, गिरणी नसलेल्या केंद्रांत दिवसाचे वीस तास यंत्र रिकामं किंवा तापक-कांड्यांवर चाले, उत्पन्न चालकाच्या पगारालाही अपुरं पडे आणि पहिली मोठी दुरुस्ती आली की कुलूप लागे. जिथे मालक स्वतः दळत होता तिथे बेअरिंग त्याच आठवड्यात बदललं जाई, कारण यंत्र बंद म्हणजे पीठ बंद.

तिसरा आक्षेप आजचा आहे. नेपाळची राष्ट्रीय ग्रिड झपाट्यानं पसरली आणि ती गावात येताच कित्येक छोटी केंद्रं बंद पडली. मग या इतिहासाला काय अर्थ उरतो? ग्रिडची वीज स्वस्त असेल, रात्रभर मिळत असेल, त्यावर फ्रिज आणि कुकर चालत असतील, तर बाराशे वॅटच्या पाटावर कुटुंबानं अडून बसावं असं सांगणं अन्यायाचं आहे. बायकांच्या डोक्यावरचं दळणाचं आणि लाकडाचं ओझं कशानं उतरतं हे आधी पाहायला हवं. पण ग्रिडनं प्रश्न बदलला, मिटवला नाही. २०१८ च्या सुरुवातीला नुवाकोट जिल्ह्यातलं २३ किलोवॅटचं एक छोटं केंद्र राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं. गावाला नको असेल तेव्हा तापक-कांड्यांत जाणारी वीज आता विकता येऊ लागली, म्हणजे दिवसाचं काम पुन्हा मिळालं, फक्त ते पिठाऐवजी युनिटांच्या रूपात. मीटरही आता सार्थ झाला, कारण इथे प्रत्येक युनिटाला गिऱ्हाईक आहे. त्याच जिल्ह्यानं २०१५ च्या भूकंपात पाट तुटलेले, टाक्या तडकलेल्या पाहिल्या होत्या. तशी मोडतोड दुरुस्त करता येते, पण आता अडचण आहे ती चालकाची. ज्या वयाची मुलं पूर्वी वडिलांबरोबर पाट साफ करायला जात ती आखातात आणि मलेशियात कामाला आहेत, आणि कारखान्यातून दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेला चालकही वर्षा-दोन वर्षांत त्याच वाटेनं जातो. ग्रिडला जोडलेल्या केंद्राच्या करारात युनिटाचा दर लिहिलेला असतो, जोडणीच्या सुरक्षेच्या अटी लिहिलेल्या असतात. श्रावणात पहाटे उठून जाळी कोण खरवडणार आणि त्याला किती पगार मिळणार, हेही त्यात लिहायला हवं.