सुहैली : मुंबईच्या सागवानाची विश्वप्रदक्षिणा

शिडाच्या नौकेतून एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान २२ एप्रिल १९६९ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दीला मिळाला. त्याची ‘सुहैली’ ही अवघी ३२ फुटांची नौका मुंबईत, भारतीय सुतारांच्या हातून घडली होती. साठ वर्षांचे आयुष्य ओलांडलेल्या या नौकेचा इतिहास जसा शर्यतीचा आहे, तसाच तो लाकडी नौका जतन कशी करावी, या प्रश्नाचाही आहे.

जन्म कुलाब्यात

नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. नोकरीनिमित्त मुंबईत वास्तव्य असताना सहकाऱ्यांसह स्वतःची नौका बांधून तीतून मायदेशी जावे, असा बेत त्यांनी आखला. १९६३ मध्ये कुलाब्यात काम सुरू झाले. नौकेचा आराखडा अमेरिकी रचनाकार विल्यम ॲटकिन यांच्या ‘एरिक’ या नमुन्याचा होता. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांनी तेथील खवळलेल्या किनाऱ्यासाठी आखलेल्या बचाव-नौकांमध्ये सापडते. नाळ आणि पिछाडी अशी दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, तळाचा कणा लांब, अशी ही घडण होती. तिच्यात वेग बेताचा, पण मागून येणाऱ्या लाटेला तोंड देण्याची क्षमता मोठी.

बांधणीसाठी सागवान वापरण्यात आले. वाकसाने तासणे आणि दोरीच्या कमानीवर फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडणे, अशी पिढ्यान् पिढ्यांची हत्यारे सुतारांनी वापरली. १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली. आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात. तेच नाव तिला देण्यात आले.

सागवान आणि मुंबई यांचे नाते त्याहून जुने आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्यापासून १७३६ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याची परंपरा सुरू झाली. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये जलावतरित झाली आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते सहजासहजी कुजत नाही, कीडही त्याला लवकर लागत नाही.

३१२ दिवस

डिसेंबर १९६५ मध्ये सुहैलीने मुंबई सोडली. मस्कत आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने ती दक्षिण आफ्रिकेला आणि तेथून १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. पुढच्याच वर्षी ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन फालमथहून निघाले. स्पर्धक नऊ होते आणि त्यांपैकी अनेकांच्या नौका सुहैलीपेक्षा वेगवान होत्या.

अडचणी लवकरच सुरू झाल्या. अटलांटिकमध्येच पाण्याखालील फळ्यांच्या सांध्यातून गळती सुरू झाली. त्यांनी समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला आणि वरून कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा ठोकला. दक्षिण महासागरात वादळाने नौका आडवी झाली आणि केबिनचे सांधे हलले. रेडिओ बंद पडला. सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली. त्यानंतर अर्ध्याहून अधिक जग त्यांनी केवळ शिडांचा तोल साधत पार केले. फालमथला परतेपर्यंत ३१२ दिवस लोटले होते. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच ठरले. पाच हजार पौंडांचे पारितोषिक त्यांनी याच शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

संग्रहालयातून पुन्हा पाण्यात

अशा ऐतिहासिक नौकेची जागा संग्रहालयात असावी, हे स्वाभाविकच वाटेल. त्याप्रमाणे ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ती काही वर्षे ठेवण्यात आली. मात्र तेथील नियंत्रित, कोरडी हवा तिला मानवली नाही. लाकडी नौकेच्या फळ्या पाणी शोषून फुगतात आणि सांधे घट्ट बसतात. पाण्याबाहेर त्या आक्रसतात, फटी रुंदावतात. बाहेरून नीटनेटकी दिसणारी सुहैली आतून सुकत होती. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले.

त्यानंतरचा दुरुस्तीचा काळ प्रदीर्घ होता. सागवान टिकून होते, पण फळ्यांना फासळ्यांशी जखडणारे लोखंड खाऱ्या पाण्यात गंजले होते. एकेक जुना बोल्ट काढायचा, भोक साफ करायचे, नवा बसवायचा, हे काम घाईने होणारे नाही. सत्तरी ओलांडलेले नॉक्स-जॉन्स्टन त्यात स्वतः राबले. जून २०१८ मध्ये, प्रस्थानाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, सुहैली पुन्हा फालमथच्या पाण्यात शिडे उभारून होती.

त्याच वर्षी गोल्डन ग्लोब शर्यत नव्याने भरवण्यात आली. उपग्रहाधारित दिशादर्शनाला तीत मनाई होती. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे ‘तुरिया’ या नौकेतून उतरले. सुहैलीच्या आराखड्यावर ती गोव्यात बांधण्यात आली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंद महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. नौका मात्र सागरातच सोडावी लागली. २०२२ च्या शर्यतीत ‘बयानात’ या दुसऱ्या नौकेतून त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. जी लाट सुहैलीने १९६८ मध्ये सोसली, तिचे बळ अर्धशतकानंतरही ओसरलेले नव्हते, हेच तुरियाच्या अपघाताने दिसले.

वस्तू जशीच्या तशी ठेवणे म्हणजे जतन, अशी सर्वसाधारण समजूत असते. दगडी शिल्पाला ती लागू पडेल. लाकडी नौकेचे बोल्ट, दोर आणि शिडे काळाप्रमाणे बदलावीच लागतात. मूळ लाकूड टिकवायचे तर ते ओले राहिले पाहिजे. मुंबईच्या सुतारांनी घडवलेले सागवान काचेआड सुकू लागले होते. पाण्यात परतल्यावरच ते पुन्हा नौका झाले.